अबोलीवरचं फुलपाखरू

अंधेरी, रविवार, ऑक्टोबर १९५४

मध्ये कॅमेऱ्याची चावी फिरवली होती का? जेवताना, हात धुताना, डोक्यात तेवढंच.

सकाळी वेसाव्याहून होडीने मढला गेलो, मी आणि कुसुम. लग्नाला वर्ष होईल. दोघंच असे पहिल्यांदा बाहेर पडलो, तेही माझ्या फुलपाखरांच्या नादापायी. कॅमेरा घेऊन बेटभर घाणेरीची झुडपं पालथी घातली. जवळ गेलो की फुलपाखरं उडायची, आणि लांबून घेतली तर फोटोत माशीएवढी येणार. रोल संपत आला तशी माझी चिडचिड सुरू. कुसुम डब्याची पिशवी घेऊन मुकाट्याने मागे.

किल्ल्याच्या वाटेवर सहज वळून पाहिलं, तर एक काळं-निळं फुलपाखरू तिच्याच वेणीवर, अबोलीत बसलेलं! "हलू नकोस," म्हटलं आणि खटका दाबला. ते उडालं, ती हसत वळली, आणि मी पुन्हा दाबला. पण मध्ये फिल्म पुढे सरकवायची चावी फिरवली का? नसेल तर दोन्ही फोटो एकावर एक. वाट लागली सगळी.

आत्ता न राहवून तिलाच विचारलं. भांडी पुसता पुसता म्हणाली, "नाही फिरवलीत. चावीचा आवाजच नाही आला."

"मग तेव्हाच सांगायचं ना!"

"सांगणार होते. पण सकाळपासून कॅमेरा पहिल्यांदाच माझ्याकडे वळला होता. म्हटलं, बोलले तर तोही उडायचा."

उद्या रोल धुवायला टाकतो. बाकीचे कसेही येवोत, तो बिघडलेला फोटो तेवढा मोठा करून घ्यायचा.