विसावा कुणाचा

तेलीबांधा, रायपूर
३ जून २०२५

चि. रुचितास, शांतामावशीचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

फोनवर बोलले की हे कान देऊन ऐकतात, म्हणून लिहिते. मी न्हाणीत चक्कर येऊन पडले. दवाखान्यातल्या समाजसेविका शर्मिष्ठा मॅडम म्हणाल्या, मिस्टरांना दहा दिवस आजारी म्हाताऱ्यांच्या केंद्रात ठेवा, ह्याला रेस्पाइट केअर म्हणतात. अगं, नाव गोड, पण वृद्धाश्रमच ना तो? ह्यांना पोटच्या यशदीपचं नाव आठवत नाही, जेवलो की नाही तेही नाही. फक्त मी आठवते. तेवढंही दहा दिवसांत गेलं तर? तू हेच काम करतेस, खरं सांग. फार भीती वाटते.

तुझी, मावशी

नागपूर, ७ जून

ती. मावशीस, सविनय जयभीम वि. वि.

रेस्पाइट म्हणजे विसावा, आणि तो काकाजींचा नव्हे, तुझा. सांभाळणाऱ्याला दम घेता यावा म्हणून आजाऱ्याला थोडे दिवस दुसऱ्यांनी बघायचं आणि ठरल्या दिवशी घरी पाठवायचं, एवढंच. ते तुला विसरणार नाहीत असं वचन मात्र मी देऊ शकत नाही. पण तू पुन्हा पडलीस तर त्यांना कोण? मला त्याचीच जास्त भीती वाटते. आणि नुसती झोप काढ, पापड लाटत बसू नकोस!

मायेत अंतर नसावं. तुझी, रुचिता

रायपूर, २२ जून

चि. रुचितास, जयभीम आणि आशीर्वाद.

ठेवलं बाई ह्यांना. पाऱ्यात शेजाऱ्यांना काय सांगणार? श्रामणेर शिबिरात गेले, दहा दिवस चीवर घालून भिक्खू होणार, असं ठोकून दिलं. परतल्यावर लोकांना खरं वाटावं म्हणून आधीच न्हाव्याकडून ह्यांचं डोकंही भादरून घेतलं. हस खुशाल. दोन दिवस नुसती फोनपाशी बसून होते, मग मात्र मेल्यासारखी झोपले.

काल आणायला गेले. म्हातारे ओळीनं बसलेले, आणि ह्यांना मीच ओळखलं नाही! मीच भादरवलेलं डोकं, चेहरा भरलेला. जवळ गेले, तर परक्या बाईला म्हणावं तसं बसा म्हणाले. ज्याची भीती होती तेच झालं. उभ्या उभ्या रडले. तर तोंडावर बोट ठेवून म्हणाले की बाई, हळू; माह्या शांताले लय दिवसानं झोप लागली, तिले उठवू नका.

घरी आणलंय. अजून मला बाईच म्हणतात, आणि मी हळू बोलते.

लोभ आहेच तुझा, आता जरा जास्त असू दे.

तुझी, शांतामावशी