जीवनची फ्लॉपी

सोमवार, ६ जानेवारी २०२५

सकाळी चहा व्हायच्या आत एक म्हातारा दारात — काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. मला वाटलं दुरुस्तीचा रेडिओ असेल. उघडलं तर गेमचा डबा! टीव्हीला जोडायचा, कीबोर्डवाला, बाजूला फ्लॉपीचा ड्राइव्ह. वीस-बावीस वर्षांत असा डबा पाहिला नव्हता. जुना मित्र भेटल्यासारखं झालं. म्हाताऱ्याला बसा म्हणायच्या आधी मी डबाच उलटापालटा करायला लागलो. कलाबाई आतून ओरडली, "अहो, माणसाले पाणी तं इचारा!"

पुंजाजी नाव. वरवट बकाल गावचे. वय माझ्याएवढंच.

पाणी पिऊन त्यांनी सांगितलं. पोरगा जीवन. त्यानं या डब्यावर स्वतः एक खेळ बनवला होता. २००१ साल. अकोल्याच्या कुठल्याशा कम्प्युटर क्लासनं स्पर्धा ठेवली होती, त्यांच्याकडेही अस्साच डबा. बाप-लेक एसटीनं गेले, नुसती फ्लॉपी घेऊन. तिथं घातली — पडदा कोरा! सर हसले, पोरं हसली. "खाली फ्लॉपी घेऊन आला!" पुंजाजींनी तिथंच, सगळ्यांदेखत, पोराच्या कानाखाली वाजवली. घरी आल्यावर डबा पेटीत घालून कुलूप लावलं. पोराला हात लावू दिला नाही. महिन्याभरात पोरगा सुरतेला गेला, कापडाच्या कारखान्यात. पुढच्या वर्षी तिथंच काविळीनं गेला.

"मले एवढंच पाह्यचं हाय भाऊ. फ्लॉपी खाली व्हती का भरेल व्हती."

मी म्हटलं, आता काऊन, इतक्या वर्षांनी?

"झोप लागत नाई." मग बराच वेळ टॉवेलाची घडी करत बसले. जाता जाता म्हणाले, "खाली निघाली तं बरं होईन."

मंगळवार, ७ जानेवारी

डबा उघडला. ड्राइव्हचा रबरी पट्टा वितळून काकवी झालेला. बोटं काळी. ती काळी बोटं मी चुकून भिंतीला पुसली, त्यावरून कलाबाईनं माझा उद्धार केला तो वेगळा.

नवा पट्टा घातला. वाचायचं डोकं, म्हणजे हेड, स्पिरिटनं पुसलं. मग डोकं जुळवायला घेतलं. ड्राइव्हचं डोकं फ्लॉपीवरच्या बारीक गोल रेघांवरून चालतं — शेतातल्या तासासारख्या रेघा. डोकं केसभर सरकलेलं असलं की तास चुकतो, मग काही वाचता येत नाही. हा ड्राइव्ह चांगलाच सरकलेला होता. कोणी केला होता देव जाणे! पेच सैल केले, त्यांच्यावरच्या लाल रंगाचे टवके उडून ताटलीत पडले. पूर्वी पुण्याहून मागवलेली मापाची, म्हणजे अचूक रेघांची, फ्लॉपी घालून डोकं बरोबर जागेवर आणलं. वय झालं. जिथं अर्धा तास लागायचा तिथं दुपार गेली.

गिऱ्हाइकाची फ्लॉपी ड्राइव्ह नीट झाल्याशिवाय घालायची नाही, हा माझा नेम. म्हणून जीवनची आज घातली नाही.

गुरुवार, ९ जानेवारी

ड्राइव्ह एक नंबर. माझ्याकडच्या चारही फ्लॉप्या पटापट वाचल्या.

जीवनची घातली. वाचून वाचून ड्राइव्ह गप्प. पुन्हा. पुन्हा गप्प. सहा वेळा पाहिलं.

पुंजाजींना फोन केला. "भाऊ, खाली आहे."

ते म्हणाले — "म्हंजे मी खरा व्हतो." आवाज असा, की माणसानं डोईवरचा भारा खाली टाकावा. म्हणाले, "बरं झालं. शालूले सांगतो आता." शालूबाई त्यांची बायको.

शुक्रवार, १० जानेवारी

एका माणसाला झोप लागेल अशी बातमी दिली. मला लागली नाही.

रविवार, १२ जानेवारी

कलाबाई टेबल पुसत होती. ताटलीतले लाल टवके बोटावर घेऊन म्हणाली, "हे तं माही नखपालिश हाय."

मी म्हटलं, कंपनीचा रंग असतो तो, पेच हलू नये म्हणून लावतात. तुला काय समजतं?

"मले नखपालिश समजत नाई? खामगावच्या दुकानात तुमी माह्या बाटल्या इकून खाल्ल्या का पिऊन टाकल्या? एकही शिशी पुरू देली नाई!"

हसलो. पण मग डब्याचं झाकण काढून उलटं केलं. आतल्या बाजूला टोच्यानं कोरलेलं — ना. २०००.

माझा, नारायणचा ना. मी दुरुस्त केलेल्या प्रत्येक मशीनवर कोरायचो.

जेवण गेलं नाही.

मंगळवार, १४ जानेवारी, संक्रांत

लिहून टाकतो, म्हणजे लपवता येणार नाही.

मला कोणी शिकवलं नाही. जे शिकलो ते मशीन उघडून, बिघडवून. तेव्हा मापाची फ्लॉपी माझ्याकडे नव्हती. असते हेही माहीत नव्हतं. माझा दोस्त इंद्रभान, त्याच्याकडे एका खेळाची फ्लॉपी होती, तिलाच मी प्रमाण धरायचो. ती चालली की ड्राइव्ह झाला — आवळ पेच, लाव नखपालिश! पुढं पाच वर्षांनी खरं माप हाती आलं तेव्हा कळलं, इंद्रभानची फ्लॉपीच वाकड्या, म्हणजे डोकं सरकलेल्या, ड्राइव्हवर भरलेली होती. मी केलेले सगळे ड्राइव्ह त्याच एका मापानं वाकडे. तेव्हा इंद्रभान आणि मी पोट धरून हसलो होतो. कोणाचं काय अडलं, म्हटलं!

वाकड्या ड्राइव्हवर जे लिहिलं ते त्याच ड्राइव्हला वाचता येतं. सरळ ड्राइव्हला ते दिसतच नाही. अकोल्याच्या ड्राइव्हला दिसलं नाही. गुरुवारी माझ्या सरळ केलेल्या ड्राइव्हलाही दिसलं नाही.

तो पोरगा माझ्या दुकानी डबा घेऊन आला असेल. काउंटरला टेकून उभा राहिला असेल. मी त्याच्याशी काय बोललो? चेहरा आठवत नाही. खूप आठवून पाहिलं.

इंद्रभान आता धाड गावी असतो. फोन लावला.

"अबे, जित्ता हायस तू?"

म्हटलं, तुझी ती फ्लॉपी आहे का?

"कोंती बे?"

"जिच्यावर आपण हसलो होतो ती."

"असन शिलाई मशीनच्या खणात. काऊन, म्हातारपणी गेम खेळतं का?"

सांगितलं सगळं. इतका बडबड्या माणूस, पण एकही थट्टा केली नाही. मग म्हणाला, "उद्याच्या गाडीनं धाडतो. कंडक्टर वयखीचा हाय."

गुरुवार, १६ जानेवारी

फ्लॉपी आली. सोबत पिशवीभर तिळाचे लाडू. चिठ्ठी — "वयनीले द्या. तू खाऊ नको, दात पडतीन."

शुक्रवार, १७ जानेवारी

आज आयुष्यात पहिल्यांदा चांगला ड्राइव्ह मुद्दाम बिघडवला. कलाबाईनं बॅटरी धरली. मी पेच सैल करून डोकं केस-केस सरकवत गेलो, इंद्रभानची फ्लॉपी बोलेपर्यंत. बोलली! तिथं आवळलं.

मग जीवनची घातली.

उघडली.

पडद्यावर एक शेत. झाडांना पांढरे ठिपके, कापूस. पांढऱ्या टोपीचा एक माणूस पाठीवर गाठोडं घेऊन वेचतो आणि आभाळ काळं होण्याआधी गाठोडं कापसाच्या जिनिंग कारखान्यापर्यंत पोचवतो. पोचला की भोंगा वाजतो. तो माणूस चालताना मध्येच हिसका देतो. पोराची एवढी चूक राहिली असावी. वर इंग्रजीत नाव — PUNJAJI.

कलाबाई पदर तोंडाला लावून आत गेली.

आधी दोन कोऱ्या फ्लॉप्यांवर उतरवून ठेवलं.

शनिवार, १८ जानेवारी

न सांगितलं तर? पुंजाजी झोपतात आता. माझंही झाकलेलं राहतं. कोणाला कळणार आहे?

कलाबाईजवळ बोललो. ती तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमाले झोप लागन का मंग?"

सोमवार, २० जानेवारी

वरवट बकालला गेलो. डबा मांडीवर, सगळ्या रस्त्यानं.

पुंजाजींना वाटलं, डबा परत द्यायला आलो. शालूबाईंनी चहा ठेवला. मी म्हटलं, आधी टीव्ही लावू. जोडला. खेळ सुरू झाला. पुंजाजी खाटेवरून उठून टीव्हीजवळ आले — आणि तेव्हा मी पाहिलं, त्यांचा डावा पाय ओढतो. चालताना हिसका बसतो. घरी आले होते तेव्हाही असेलच. मी डब्याकडे पाहत होतो, माणसाकडे नाही.

"वर काय लिवलं हाय?"

"तुमचं नाव."

पडद्यावरचा माणूस गाठोडं घेऊन तस्साच पाय ओढत चालला होता. पुंजाजी उभेच. आभाळ काळं झालं, खेळ संपला, पुन्हा सुरू झाला. तीनदा.

मी सगळं सांगितलं. माझा वाकडा ड्राइव्ह, अकोला, फोनवरचं माझं 'खाली आहे'. काही गाळलं नाही. हात जोडले. म्हटलं, पोराची काही चूक नव्हती. माझी होती.

ते माझ्याकडे पाहत नव्हते. पडद्याकडेच बघत म्हणाले, "तुमचा पेच चुकला भाऊ. हात माहा उठला." मग खाली बसले आणि टीव्हीच्या काचेवर त्या टोपीवाल्या माणसाला बोट लावलं. म्हातारा माणूस रडतो तेव्हा आवाज होत नाही.

मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंगळवार, २१ जानेवारी

काल एक लिहायचं राहिलं. राहिलं नाही, हात चालला नाही.

निघताना शालूबाई फाट्यापर्यंत पोचवायला आल्या. गाडी दिसल्यावर म्हणाल्या, "जीवननं मले दाखवला व्हता तो खेळ, अकोल्याले जायच्या आदल्या दिवशी. चुलीपुढून उठवून नेलं मले. मी जीवनच्या बाबाले तवाच सांगतलं भाऊ — फ्लॉपी खाली नाई, मी डोयानं पाह्यलं. चोवीस वर्सं सांगून राह्यली."