स्वयंपाकघर: पाहिले, ठीक

बाबा, काल आमच्या घराची तपासणी झाली. तुमचा नातू हे घर विकतो आहे आणि घेणाऱ्याने नागपूरहून एक पगारी तपासनीस पाठवला होता. आला तोच कोऱ्या करकरीत बुटांनी. भिंतीला एक यंत्र लावलं, त्यातला आकडा पाहून स्वतःशीच मान डोलावली आणि छताकडे बोट करून मला विचारलं, "आजी, इथे गळतं का हो?" घर विकणाऱ्यालाच विचारतो, गळतं का! मी म्हटलं, नाही बाबा. त्याने लिहून घेतलं. वर चहा घेतला, तोही दोनदा. अहवाल म्हणे चाळीस पानी येणार आहे. रद्दीवाल्याचं भलं होईल.

तुम्ही घर बघायला जायचात तेव्हा पहिला अर्धा तास आत पाऊलच टाकायचा नाहीत. भरवेलीला खाणीच्या कॉलनीत उभं आयुष्य गवंडीकाम केलेले तुम्ही. बालाघाटात कुणी घर विकत घ्यायला निघालं की आधी तुम्हाला बोलावणं यायचं. बाहेरून एक फेरी, पावसाचं पाणी कुठून येऊन कुठे मुरतं ते बघणं, जोत्याजवळची माती उकरणं. मग ओळंबा. मग शिडी लावायची, छपरावरचे कवेलू उचलायचे आणि खालच्या लाकडात सळई टोचायची. "जिथं नवा चुना मारला असंन, तिथंच पह्यले पाह्य," असं मला बजावायचात. घरी आल्यावर तुम्ही सांगायचं आणि मी लिहायचं, एका खोलीला एक ओळ. तुम्हाला सहीपुरतंच लिहिता यायचं. ती सही मात्र तुम्ही पाटावर ताठ बसून करायचात.

शाळेतल्या गुरुजींच्या त्या घराची गोष्ट तुम्ही विसरला नसाल. भाताच्या गिरणीवाल्याचं घर, गुरुजी ते घेणार होते. मी वही घेऊन तुमच्यासोबत आहे, सतरा वर्षांची. ओसरी झाली, माजघर झालं, तुम्ही स्वयंपाकघराकडे वळता आणि गिरणीवाला आडवा हात धरतो. "रसोई में नहीं, मिस्त्री. बाहर से देख लो." आत त्याची म्हातारी आई घाईघाईने हंड्यांवर झाकणं टाकते आहे, जणू तुमच्या नजरेनेच पाणी नासेल. म्हणजे घर विकून पैसे मोजून घ्यायचे, पण ते नीट उभं आहे की नाही हे बघणाऱ्याच्या पायाचा विटाळ! आणि आमचे गुरुजी? वर्गात सगळी माणसं सारखी म्हणून मुलांकडून पाठ करून घेणारे गुरुजी त्या वेळी कवेलू मोजत होते. इतक्या लक्षपूर्वक की वाटावं, उद्या त्यांचीच परीक्षा आहे. आणि तुम्ही टोपी काढलीत, म्हणालात, "हौ मालक," आणि मागे सरलात.

त्या संध्याकाळी ओळी लिहून झाल्या. स्वयंपाकघराशी मी थांबले. तुम्ही म्हणालात, "न पाह्यल्या खोलीचं लिवू नोको माय. रिकामं ठेव. रिकामं दिसलं का गुरुजी समजतीन." मी जागा सोडली. तुम्ही सही केलीत आणि जेवायला बसलात.

दुसऱ्या पावसाळ्यात स्वयंपाकघराची तुळई खाली आली. चुलीपाशी गुरुजींच्या बाई बसल्या होत्या. खांदा मोडला, तो हात पुन्हा कधी डोक्यापर्यंत गेला नाही. मोरीच्या ओलीने तिचं भिंतीतलं टोक आतून कुजलं होतं. तुम्ही सळई टोचली असती तर मूठभर भुसा खाली पडला असता. गुरुजी कागद नाचवत तुमच्या दारात आले. साऱ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल असं त्यांनी वाचलं, "स्वयंपाकघर: पाहिले, ठीक." तुम्ही आत गेलाच नव्हता, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण ते बोलायचं तर आपण स्वतः तिथे गप्प उभे होतो हेही बोलावं लागतं, आणि तेवढी हिंमत त्या शिकलेल्या माणसात नव्हती. तुम्ही कागद हातात घेतलात. त्या ओळीवरून बोट फिरवलंत. मी दारात, हात पिठाने भरलेले. "सही माहीच आहे, गुरुजी," तुम्ही म्हणालात. एवढंच.

त्यानंतर तुम्हाला कुणी घर बघायला बोलावलं नाही. पन्नाशी उलटलेल्या वयात तुम्ही लामत्याच्या बाजूला दुसऱ्यांच्या बांधकामांवर विटा वाहिल्यात आणि त्यातच गेलात. खोटं लिहून देणारा मिस्त्री, असं गावाने ठरवलं. मीही गिरणीवाल्याला शिव्या दिल्या, गुरुजींना भेकड म्हटलं, आजही म्हणते. तेवढ्यावर माझे इतके दिवस बरे निघाले.

काल तो बूटवाला स्वयंपाकघराच्या दारातूनच "ठीक आहे" म्हणाला आणि कागदावर खूण करू लागला. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मी त्याचा दंड धरून त्याला आत ओढलं. "आत जा! मोरीपाशी वाक! हात लावून बघ!" पोरगं घाबरलं. सुनेला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं.

हे पत्र तुमच्या ओळंब्याच्या पेटीत ठेवून देईन, दुसरीकडे कुठे पाठवणार? ती ओळ माझी आहे, बाबा, हे तुम्हाला कागद बघताच कळलं होतं. तुम्ही जेवत होता तेव्हा मी ती भरली. धुराने लाकूड टिकतं हे तुमच्याकडूनच ऐकलं होतं, ओलीचं ऐकूनही विसरले, आणि वाटलं, ठीकच असणार. पण त्यासाठी लिहिलं नाही मी. नागपूरहून दीक्षा घेऊन आलेला माझा बाप एका उंबऱ्यापाशी टोपी काढून मागे सरला, हे त्या रिकाम्या जागेत सगळ्यांना दिसलं असतं. त्या दिवशी मला गिरणीवाल्याचा राग आलाच नव्हता. तुमची लाज वाटली होती.