प्रेमाबाईंचा आवाज कापताना

३ फेब्रुवारी
सगळं बदललं ते आज, लिंबाजीच्या मोबाईल दुकानात. शिवांजली चार्जर घ्यायला आलेली. म्हणाली, वीस तारखेला प्रेमाबाई उमरगेकरांना जाऊन वर्ष होतंय, कळंबात कुणी काही करणार हाय का नुसतं स्टेटस ठेवणार? दुकानात बरेच जण होते. पण बघितलं माझ्याकडं. निदान माझ्या बाजूला.
संकल्प : कार्यक्रम मी करणार. स्टेजवरून प्रेमाबाईंबद्दल बोलणार, मग खाली उतरून शिवांजलीशी. कॉलेज अर्ध्यात सोडलं तेव्हा लोक म्हणाले, याच्याच्यानं काही पुरं होत नाही. आता बघा म्हणावं.

५ फेब्रुवारी
प्रेमाबाईंच्या गाण्याच्या फॅन लोकांची मीटिंग. निष्पन्न : चहा.
गुरुलिंग सर म्हणाले, बाई संत होत्या. लिंबाजी म्हणाला, संत कसल्या सर, गळा सोन्याचा पण तोंड गटाराचं, निम्म्या जत्रांनी बंदी घातली ती काय उगाच? सर म्हणाले, लिंबाजी, तू स्क्रीनगार्ड चिकटव, तुला तेच जमतंय.
भांडण एकाच गोष्टीवर. गावोगाव पुढं पुढाऱ्यांचे सोफे, मागं मातीत बाया. प्रेमाबाई गाणं मध्येच थांबवायच्या, सोफ्यावरच्या माणसाकडं बोट करायच्या. बाया धुळीत अन् तू गादीवर? एळो! म्हणजे कानडीत, ऊठ रे. तो उठून एखादीला जागा देईपर्यंत पुढची ओळ नाही. केसेस झाल्या, चपला आल्या. ओळ नाही.
शिवांजली म्हणाली, तेच तर त्यांचं होतं, चाली काय कुणीबी लावतंय.
मी टेबलावर मूठ आपटली. म्हटलं, बाईंचा एक शब्द कापू देणार नाही! कापा असं कुणी म्हटलं नव्हतं. चहा सांडला. पण प्रभाव पडला.

९ फेब्रुवारी
मंडप, साऊंड सगळं रणधीरदादा देणार. यंदा ते निवडणुकीला उभे आहेत. अट एकच : एळो नको. भूमच्या कार्यक्रमात बाईंनी त्यांच्या वडलांना उठवलं होतं, ते घरात अजून निघतं. दादा म्हणाले, कृष्णराज, गोड गोड ठेव, लेकरंबाळं असतात.
माझं डोकं सणकलं. आतल्या आत. तोंडानं म्हणालो, व्हय दादा.
ही माघार नाही, स्ट्रॅटेजी आहे. कार्यक्रमच झाला नाही तर शिवांजलीशी बोलायचं कधी?

११ फेब्रुवारी
कार्यक्रमात बाईंचं लाईव्ह रेकॉर्डिंग लावायचंय, दुपारी त्यातून ते एळोचं बोलणं कापलं. सोपं काम. फक्त बोलायच्या आधी बाई एक श्वास घेतात, तो राहिला. तो काढला तर स्वर तुटतो. ठेवला. कुणाला कळतंय.

१२ फेब्रुवारी
हेडफोन काढला तरी श्वास ऐकू येतो. आमच्या अण्णांच्या पिठाच्या गिरणीत बसलो होतो. पट्टा फिरत होता, पट्ट्यातून श्वास. घेतला, पण सोडला नाही. पुढं बोलायचं म्हणून थांबल्यासारखा. अण्णा ओरडले, पीठ खाली चाललंय, ध्यान कुठं हाय तुझं? सांगितलं, सायनस.

१५ फेब्रुवारी
खुर्चीत बसलं की श्वास. उठलं की बंद. पुन्हा पुन्हा करून बघितलं. योगायोग.
उभ्यानं जेवलो. आईनं विचारलं, कसला नवस बोललास? पाठ धरलीय म्हणालो.

१७ फेब्रुवारी
फ्लेक्स लागला. दादा सगळ्यात मोठे. मग आम्ही शुभेच्छुक. प्रेमाबाई खाली कोपऱ्यात, माझ्याहून किंचित लहान. जागेची अडचण. फोटो दिला तेव्हा बाईंचं तोंड मिटलेलं होतं. फ्लेक्सवर ते जरासं उघडं आहे. प्रिंटिंगचा दोष असावा.
तिथंच शिवांजली भेटली. विचारलं, एळो ठेवलंय नव्हं? म्हटलं, अर्थात! ती हसली. म्हणाली, मग मी आईला आणते. बाईंनी तिला एकदा सोफ्यावर बसवलं होतं, अजून सांगत असती.
रात्रीपर्यंत खुर्चीत बसलो नाही.

२० फेब्रुवारी, सकाळ
भाषण पाठ. इस्त्री झाली. पुढं सोफा आलाय. दादांना काय उभं ठेवणार?

२१ फेब्रुवारी
काल मंडप भरला होता. दादांनी हाताला धरून मला शेजारी बसवलं. संयोजक म्हणून बसावं लागलं. शिवांजली आणि तिची आई मागं, मातीत.
रेकॉर्डिंग लागलं. गाणं त्या जागी आलं. श्वास आला. मग मी कापलेली जागा.
मागून एक बाई म्हणाली, एळो.
मग दुसरी. मग सगळ्या बाया. गुरुलिंग सरही. साऊंडवर बसलेल्या लिंबाजीनं तर गाणंच थांबवलं आणि तोही ओरडला. सगळा मंडप प्रेमाबाईंच्या आवाजात बोलतोय असं वाटलं. दादांना तेवढ्यात फोन आला, कानाला लावून ते गाडीकडं गेले. मी बसून राहिलो. पायाला मुंग्या आल्या होत्या.
शिवांजली आईचा हात धरून पुढं आली. ओरडली नाही. म्हणाली, कृष्णराज, जरा सरकतोस का?
मी उठलो. तिच्या आईनं सोफ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाली, असू दे बाळा, बस तू.
आणि दोघी मागं जाऊन मातीत बसल्या. भाषण झालं नाही. माईक खराब होता.

२२ फेब्रुवारी
सकाळपासून खुर्चीत बसलोय. उठलो, पुन्हा बसलो. श्वास नाही. गिरणीत गेलो, पट्ट्यातून नुसता पट्ट्याचा आवाज. घरी येऊन मूळ रेकॉर्डिंग लावायला गेलो, तर कापलेलं त्याच फाईलवर सेव्ह केलंय. बाईंचं एळो गेलं.
एळो स्वतःच म्हणून बघितलं. माझ्या तोंडी ते कुत्र्याला हाकलल्यासारखं वाटतं.
शिवांजलीच्या आईनं ते समोरून ऐकलंय. बाई नेमकं कसं म्हणायच्या, एवढंच विचारायचं. दार उघडतील का, माहीत नाही. आज संकल्प वगैरे काही नाही.
खोलीत कुणी नाही, श्वाससुद्धा नाही. त्यांच्याकडं निघतो. दार ओढून घेतो.