भुलाबाई तडकली तेव्हा

प्रिय दादा,

तुझा निरोप पोचला. पुढच्या आठवड्यात विश्वस्तांच्या बैठकीत माझा मातीचा वर्ग बंद करायचा म्हणे, कारण मी बालगृहातल्या पोरींना रडवते. अकोल्यात बसून बरं कळलं तुला! आधीच सांगते, मी वर्ग बंद करणार नाही.

रडारड झाली हे खरं. भुलाबाईचे दिवस, म्हणून म्हटलं यंदा बाजारातल्या रंगीत मूर्ती नकोत. भुलाबाई-भुलोजी आपणच घडवू. रागिणीला तू पाहिलं आहेस. दर्यापूरच्या रस्त्यावर जीप उलटली, त्यात तिचे आईबाप गेले. इथे आल्यापासून पोर हूं नाही की चूं नाही. आल्यागेल्याला केवढं कौतुक, किती समजूतदार म्हणून! मला त्या कौतुकाचीच चीड येते. तिने भुलाबाईला आईसारखा अंबाडा घातला, कपाळावर गोंदण कोरलं. पण आपली काळी माती, नुसती वापरली की वाळताना तडकणारच. सकाळी भुलाबाईच्या तोंडावरून भेग गेलेली. रागिणीने असा हंबरडा फोडला की अधीक्षकबाई धावत आल्या आणि तू विश्वस्त म्हणून त्यांनी थेट तुला फोन लावला.

पुढचं त्यांनी सांगितलं नसेल. पोटभर रडून झाल्यावर तिने स्वयंपाकाच्या मावशींकडून वातींचा कापूस मागून आणला आणि पुन्हा भेग पडू नये म्हणून तो मातीत घालून तिंबायला बसली. मी म्हटलं, आज राहू दे. तर नाक पुसत म्हणते, "तडकली तं तडकली, मी दुसरी करून राहिली. माही माय वेचाले जाये, तं तिच्या वटीत असाच कापूस राहे." दादा, आईविषयी ती पहिल्यांदा बोलली. मग संध्याकाळपर्यंत तिचं तोंड मिटलं नाही. हे बंद करू? का म्हणून? मुकाट पोरी सांभाळायला सोप्या असतात, म्हणून?

तुझी परवानगी मागायला मी लिहीत नाहीये. आपली आई गेली तेव्हा तू चौदा वर्षांचा होतास. पोरगा रडला नाही म्हणून सगळ्यांनी तुझी पाठ थोपटली, आणि तेव्हापासून तुझ्या तोंडून आईचं नाव मी ऐकलेलं नाही. मी रांगत होते रे. घरात तिचा फोटोसुद्धा नाही. तिचा चेहरा आता फक्त तुला माहीत आहे आणि तू तो इतकी वर्षं एकट्याने दाबून ठेवलास, याचा मला राग आहे. बैठकीआधी, रविवारी, अमरावतीला ये. रडलास तरी चालेल, पण मला आपली आई घडवून दाखव.

तुझीच,
सीमा