डाव्या दाराचा निळा

दि. ३ नोव्हेंबर
ती. ताईस, सा. न. वि. वि.
आम्ही खुशाल. तुमची गाडीही परवा दुपारपर्यंत खुशाल होती. आत घेताना वाऱ्याने फाटक लोटलं आणि त्याची कडी डाव्या मागच्या दारावर घासत गेली. ओरखडा एकोणीस सेंटिमीटर. पट्टी लावून मोजला. पंधरा सेंटिमीटरवर नख अडकत नाही, म्हणजे फक्त रंगावरचं पारदर्शक लॅकर गेलंय, पॉलिशने भागेल. उरलेल्या चारात रंग भरावा लागेल.
दाजींना इतक्यात सांगू नकोस. मी त्यांचा पंखा दुरुस्तीला उघडला आणि मिटवता आला नाही, तेव्हा चारचौघांत त्यांनी मी कुठल्या कॉलेजात शिकलो ते विचारलं होतं. त्यानंतर दोन वर्षं अबोला. आता कुठे आपणहून किल्ली दिली. अठरा तारखेला गाडी परत करायची आहे. जशी नेली तशी आली नाही, तर तुझ्या दारात मी कोणत्या तोंडाने येऊ?
तुझा धाकटा

दि. ६ नोव्हेंबर
चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.
हात लावू नकोस, गॅरेजात ने. पंखाही दहा मिनिटांचं काम म्हणाला होतास. तो अजून पिशवीत आहे. धाकट्याला गाडी बरी पडली ना, असं हे रोज विचारतात. मी हो म्हणते आणि स्वयंपाकघरात जाते. आईच्या माघारी मला माहेर म्हणून तू एकटाच आहेस रे.
ताई

दि. ११ नोव्हेंबर
ती. ताईस, सा. न. वि. वि.
तुझं पत्र यायच्या आधीच सुरुवात केली होती. पद्धत चुकलेली नाही. दाराच्या चौकटीवरचा कंपनीचा रंगाचा नंबर पाहून तोच रंग आणला. दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर भिजवून घासलं, काडीच्या टोकाने तीन पातळ हात दिले, मध्ये अर्धा-अर्धा तास. वाळल्यावर पाहतो तर दार एक निळं, डाग दुसराच निळा! कडा लपवायला घासल्या, डाग तळहाताएवढा झाला. पुन्हा घासलं, ताटाएवढा. खालून निघतोय तो निळा माझ्या बाटलीशी जुळतो, दाराशी नाही. याचा अर्थ मला लागत नाही. वीस वर्षं पुस्तकं वाचून हात बसवला, आणि काल त्या दारापुढे उकिडवा बसून रडलो.
हे पत्र दाजींना दाखव. माझ्याच्याने सांगवत नाही. लोभ उरला असेल तेवढा राहू दे.
तुझा धाकटा

दि. १४ नोव्हेंबर
मेहुणेबुवांस, स. न. वि. वि.
घासणं थांबवा. तुमची पद्धत बरोबर आहे, दार खोटं आहे. सात वर्षांपूर्वी मी ते खांबाला घासलं आणि अंगणात बसून स्वतः रंगवलं, रंग नजरेने मिसळून. तुमच्या ताईला सांगितलं, गॅरेजवाल्याने केलं. डिकीत स्टेपनीखाली मोज्यात गुंडाळलेली त्याच रंगाची बाटली आहे. तळाशी वाळला असेल, पण नमुन्यापुरता पुरे. रविवारी येतो. मीही कुठल्या कॉलेजात रंग शिकलो नाही, तेव्हा मिसळताना तुम्ही जवळ असलेलं बरं.
हिला यातलं काही कळवू नका. लोभ आहे तसा असू द्या, त्याला पॉलिश पेपर लावू नका.
तुमचे दाजी

ता. क. धाकट्या, यांचं पाकीट नेहमीप्रमाणे मीच चिकटवतेय. यांच्या त्या दिवशीच्या सदऱ्याची बाही सात वर्षं निळी आहे. रविवारी यांच्यासोबत पंख्याची पिशवीही पाठवते. दोघं मिळून उघडा.
ताई