उंदराच्या रंगाची आफ्रिका

आबा,

परवा नात आफ्रिकेचा नकाशा रंगवत बसली होती. पोपटी, आकाशी, जांभळा, हाताला येईल तो रंग भरत होती. मी सहज म्हटलं, थोडा करडा घे की. तर म्हणते कशी, "आजी, करडा कशाला? घाणेरडा दिसतो." तिला काय सांगणार? म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे.

हेडमास्तरांनी शाळेच्या व्हरांड्यातल्या भिंतीवर आफ्रिका काढायचं काम तुम्हाला दिलं, तेव्हा मी शाळा सोडून आपल्या गणपतीच्या कारखान्यात बसू लागले होते. इंग्रजांच्या मुलखाला लाल द्या, पुस्तकात तसाच आहे, असं मास्तर बजावून गेले होते. तुम्ही मान डोलावलीत आणि जिथे जिथे परक्यांचं राज्य होतं तो सगळा मुलूख गणपतीच्या उंदराच्या करड्या रंगाने भरून टाकलात. जे चार-दोन देश स्वतंत्र होते त्यांना पितांबराचा पिवळा. मास्तर आले आणि बघतच राहिले.

"अहो, लाल सांगितला होता ना मी?"

"लाल रंग सवाष्णीचा, मास्तर. दुसऱ्याच्या घरान घुसून बसलेल्याला तो कसा देऊ? मना नाय जमायचा."

"आणि म्हणून उंदराचा दिलात?"

"उंदीरपन घरान घुसतोच की!"

मास्तरांना हसू आवरेना. आफ्रिका तशीच राहिली, आणि पनवेलची पोरं कित्येक वर्षं पारतंत्र्याला 'उंदीर' म्हणत राहिली.

मग एकेक देश सुटायला लागला. मास्तर वर्तमानपत्र वाचून निरोप धाडायचे की तुम्ही शिडी घेऊन निघायचात, मागून रंगाचा डबा घेऊन मी. आधी घाना पिवळा झाला. पुढे एका वर्षात तर इतके देश सुटले की आपला पिवळा रंग संपला, आणि त्या वर्षी गणपतींची पितांबरं फिकी निघाली. मी शिडी धरून उभी आहे, वर तुम्ही जीभ दातांत धरून एखाद्या देशाची हद्द सांभाळताय. आपल्याकडे स्वराज्य आलं तेव्हा हात भरून येईपर्यंत तुम्ही तिरंगे रंगवले होतेत. तोच आनंद तुमच्या तोंडावर असायचा. "आपल्याला वाटला तसाच वाटत असंल त्यांना," असं म्हणायचात.

फक्त केनियाकडे तुम्ही वेगळ्या नजरेने बघायचात. तिथे नैरोबीच्या छापखान्यात तुमचा थोरला, आपला दादा, नोकरीला होता. त्यांचं राज्य त्यांच्या हातात आलं की परक्यांना तिथे काय काम, मग तो घरी येणार, हा तुमचा हिशेब. तुमची नजर अधू झाली होती. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करताना रेघ हलायची. बाकी सगळं मीच करत होते, पण डोळ्यांचा ब्रश मागितला की तुमचं उत्तर ठरलेलं. "बाईच्या हातानं डोळे? दादा येऊं दे, तो काढील." मला तो ब्रश हवा होता, आबा. दुसरं काही नको होतं.

केनिया सुटला. मास्तरांचा निरोप आला, पण तुम्ही शिडी बाहेर काढली नाहीत. दादा आला की त्याच्याच हातून भरून घेऊ म्हणालात. काही महिन्यांनी मोहल्ल्यातले एक ओळखीचे गृहस्थ मोंबासाहून बोटीने परतले आणि मुद्दाम कारखान्यात आले. "काका, तुमचा फरजंद खुशाल आहे," ते म्हणाले, "पण तो इकडे नाही यायचा. विलायतेला चाललाय. त्याने मलाच सांगितलंय."

"बरं," तुम्ही म्हणालात, आणि त्यांना चहा पाजलात.

दुसऱ्या दिवशी आपण शाळेत गेलो. तुम्ही शिडी चढलात, भिंतीला जवळजवळ नाक लावलंत, तरी तुम्हाला हद्द दिसेना. खाली उतरून ब्रश माझ्या हातात दिलात. मी केनिया भरत होते तेव्हा तुम्ही व्हरांड्याच्या कठड्यावर बसून धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होतात. मला ते वरून दिसत होतं. घरी जाताना वाटेत म्हणालात, "यंदा डोळे तूच काढ. दुसरा कोन हाय मना?"

ती शाबासकी नव्हती, हे मला तेव्हाही कळलं. त्या वर्षापासून मी डोळे काढत आले, अगदी माझा हात थरथरू लागेपर्यंत.

हे पत्र टाकणार कुठे? आणि तुमचा पत्ता असता तरी टाकायची छाती झाली नसती. तुम्ही रडत होतात, आबा, आणि दादा परत आला नाही म्हणून मी शिडीवर उभी राहून देवाचे आभार मानत होते.